वसाहतीच्या दारात दवाखाना

घरातील लहान मूल रात्री तापाने फणफणले, की आईबापांच्या मनात पहिला विचार कशाचा येतो? पुष्कळदा तो अंतराचा असतो. दवाखाना किती दूर आहे, या वेळी वाहन मिळेल काय, धाकट्याला कोणापाशी ठेवावे, उद्याची मजुरी बुडाली तर कसे करावे, हे प्रश्न रोगाच्या नावाआधीच उभे राहतात. ज्यांच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांची पाटी आहे त्यांना या चिंतेची कल्पना येणार नाही. परंतु ज्या कुटुंबांना सरकारने बांधून दिलेल्या घरासाठी शहराच्या कडेला जाऊन राहावे लागले आहे, त्यांना ती चांगलीच परिचयाची असते. डोक्यावर पक्के छप्पर आले, नळ आला, दिवा आला. मात्र बाजार, शाळा आणि दवाखाना जुन्या वस्तीतच मागे राहिले, अशी त्यांची अवस्था होते.

सार्वजनिक गृहवसाहत ही कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबईकर वाचकांना शंभर वर्षांपूर्वीच्या बी. डी. डी. चाळी आठवतील, इतर शहरांतील वाचकांना गृहनिर्माण मंडळांच्या वसाहती किंवा झोपडपट्टीवासीयांसाठी उभारलेल्या पुनर्वसनाच्या इमारती डोळ्यांसमोर येतील. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारने घरे बांधायची आणि ती माफक भाड्याने द्यायची, ही रीत अमेरिकेतही १९३० नंतरच्या दशकापासून रूढ झाली. त्या देशातील एका वसाहतीची हकीकत येथे सांगावयाची आहे. अमेरिकेत आज रुजलेल्या वस्ती-आरोग्यकेंद्रांची पद्धत ज्या ठिकाणी प्रथम सुरू झाली ते ठिकाण म्हणजे ही वसाहत होय. आणि चांगला दवाखाना काय करू शकतो व काय करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी तिने दाखवून दिल्या आहेत.

कोलंबिया पॉइंट

बॉस्टन शहराच्या दक्षिणेस डॉर्चेस्टर नावाचा भाग आहे. तेथे समुद्रात शिरलेल्या एका भूशिरावर १९५४ साली कोलंबिया पॉइंट ही वसाहत राहण्यासाठी खुली झाली. विटांच्या तीन मजली व सात मजली इमारती, त्यांत सुमारे दीड हजार गाळे. न्यू इंग्लंड या साऱ्या प्रदेशात एवढी मोठी सार्वजनिक वसाहत दुसरी नव्हती. तीन बाजूंना समुद्र म्हटल्यावर कोणालाही हवेशीर, रम्य जागेची कल्पना यावी. प्रत्यक्षात ही जागा शहराने नकोशा वस्तूंसाठी राखून ठेवलेली होती. एकोणिसाव्या शतकात शहराचे सांडपाणी समुद्रात सोडणारे पंपगृह येथेच उभारले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटालियन युद्धकैद्यांना येथेच ठेवले होते. शहराचा कचराडेपोही येथेच होता. गरिबांच्या घरांसाठी भूमी निवडताना नगररचनाकारांची दृष्टी नेमकी अशाच जागेकडे का वळते, हा प्रश्न बॉस्टनपुरता नाही.

घरे नवी होती आणि आरंभी लोकांना त्यांचा आनंदही झाला. पण मुले ज्या रस्त्याने खेळायला जात, त्याच रस्त्याने कचऱ्याच्या मोटारी दिवसभर धावत. डेपोवर आग धुमसत राही, उंदरांचा सुळसुळाट असे. १९६२ साली अशाच एका मोटारीखाली सापडून एक लहान मुलगी मृत्यू पावली. तेव्हा वसाहतीतील माता रस्त्यावर आल्या आणि त्यांनी मोटारींची वाट अडवून धरली. अर्जविनंत्यांनी जे झाले नव्हते ते त्यामुळे झाले आणि डेपो बंद करणे शहराला भाग पडले. दवाखान्याची हकीकत सांगताना हा प्रसंग आधी सांगितला, त्याला कारण आहे. आपल्या मुलांना आजारी पाडणारी गोष्ट कोणती हे या स्त्रियांनी डॉक्टर येण्यापूर्वीच ओळखले होते, आणि तिच्यावरील उपायही त्यांनीच केला होता.

तरीही सुमारे सहा हजार लोकवस्तीच्या त्या भूशिरावर डॉक्टर नव्हता. आजारी माणसाला शहरातील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात न्यावे लागे. त्यासाठी बसगाड्या बदलत जायचे, तेथील बाह्यरुग्ण विभागात तासन्‌तास ताटकळायचे, दर वेळी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सारे सांगायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. साहजिकच लोक जाण्याचे टाळत. दुखणे अंगावर काढीत, आणि अगदी निरुपाय झाला की रुग्णालय गाठीत. तोवर साध्या खोकल्याचा न्यूमोनिया झालेला असे. बॉस्टन हे वैद्यकीय विद्यालयांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले शहर! त्याच शहरातील हजारो माणसांना साध्या कानदुखीसाठी अशी यातायात करावी लागत होती.

दूरदेशीचे बीज

या वसाहतीत दवाखाना आणण्याचे श्रेय मुख्यतः दोन डॉक्टरांना दिले जाते: डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन. (काउंट हे गिब्सन यांचे नावच होते, ती सरदारकीची पदवी नव्हे.) गिब्सन हे बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रतिबंधक वैद्यकाच्या विभागाचे प्रमुख होते. गायगर यांचे आयुष्य मात्र सरळ रेषेत गेलेले नव्हते. त्यांनी महायुद्धात व्यापारी जहाजावर चाकरी केली, वृत्तपत्रासाठी लेखन केले आणि त्यानंतर वैद्यकाचा अभ्यास हाती घेतला. विद्यार्थिदशेतच, १९५७ साली, ते काही महिने दक्षिण आफ्रिकेस गेले, आणि पुढे त्यांनी जे केले त्याचे बीज तेथे पडले.

दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात फोलेला नावाचा झुलू लोकांचा दरिद्री मुलूख आहे. तेथे डॉ. सिडनी कार्क व डॉ. एमिली कार्क या दांपत्याने १९४० साली एक आरोग्यकेंद्र सुरू केले होते. त्यांची पद्धत आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. रुग्ण दारात येण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी केंद्राच्या सभोवतालचा एक ठरावीक टापू आखून घेतला, त्यातील घरन्‌घर नकाशावर मांडले, आणि स्थानिक तरुण-तरुणींना शिक्षण देऊन घरोघर पाठविले. कोणत्या घरात किती माणसे, ती काय खातात, पाणी कोठून आणतात, कोणते मूल अशक्त आहे, याची नोंद होऊ लागली. रोगांच्या मुळाशी उपासमार आहे असे दिसताच केंद्राने भाजीपाल्याचे मळे लावण्यास शिकविले. औषधांइतकेच महत्त्व परसातील भाजीला दिले गेले.

कार्क दांपत्याचे कार्य खेड्यापुरते राहिले नाही. डरबन शहराच्या परिसरात त्यांनी उभारलेल्या केंद्रांपैकी लॅमोंटव्हिलचे केंद्र आफ्रिकी कामगारांसाठी नगरपालिकेने बांधलेल्या गृहवसाहतीत होते, आणि मेरबँकचे केंद्र भारतीय वंशाच्या वस्तीत होते. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आपल्या देशबांधवांच्या वंशजांना या प्रयोगाचा लाभ मिळाला, हे आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. १९४८ नंतर त्या देशात वर्णभेदाचे राज्य आले आणि अशा केंद्रांना हळूहळू उतरती कळा लागली. १९५८ साली कार्क दांपत्याने तो देश सोडला. गायगर यांनी मात्र फोलेला आणि लॅमोंटव्हिल ही दोन्ही केंद्रे तत्पूर्वीच पाहून घेतली होती.

१९६४ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मोठी चळवळ झाली. चळवळीतील कार्यकर्त्यांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी गायगर तेथे गेले. जे दारिद्र्य पाहण्यासाठी आपण समुद्रापलीकडे गेलो होतो, ते आपल्याच देशात आहे, हे त्यांना तेथे दिसले. फोलेलासारखे केंद्र मिसिसिपीत का होऊ नये, असा प्रश्न त्यांनी सहकाऱ्यांपुढे मांडला, आणि गिब्सन यांनी टफ्ट्स विद्यापीठाचा आधार मिळवून देण्याचे मनावर घेतले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध मोहीम पुकारली होती आणि तिच्यासाठी कायदा होऊन स्वतंत्र कार्यालयही स्थापन झाले होते. त्या कार्यालयाने १९६५ साली दोन केंद्रांसाठी अनुदान मंजूर केले: एक दक्षिणेतील ग्रामीण भागासाठी, दुसरे उत्तरेतील शहरी वसाहतीसाठी. त्यांपैकी दुसरे म्हणजे कोलंबिया पॉइंटचे केंद्र. ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात उघडले.

जिन्याखालचा डॉक्टर

केंद्रासाठी भव्य वास्तू बांधली गेली नाही. वसाहतीतीलच काही गाळे घेऊन, त्यांच्या भिंती फिरवून, तेथे तपासणीच्या खोल्या केल्या. शेजारच्या जिन्यातून उतरून घरच्या चपलांनी मुलाला घेऊन यावे, इतके ते जवळ होते. मोठ्या रुग्णालयात नाकाला एक डॉक्टर, पोटाला दुसरा आणि मुलांना तिसरा अशी विभागणी असे. येथे डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांचा एक गट सबंध कुटुंबाची जबाबदारी घेई. आईच्या रक्तदाबाची, बाळाच्या लसीची आणि नोकरी गेलेल्या बापाच्या झोपमोडीची नोंद एकाच ठिकाणी होत असे. परिचारिका घरीही जात.

केंद्रात काम करणाऱ्यांत वसाहतीतील रहिवासीही होते. त्यांना शिक्षण देऊन नोकरीवर घेतले जाई. दरवाजा ठोठावणारी बाई ही तिसऱ्या मजल्यावरची ओळखीची शेजारीण असली, की घरातले खरे दुखणे बोलून दाखविण्यास संकोच वाटत नाही, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. शिवाय त्या नोकरीचा पगार त्याच वसाहतीत राहत होता. केंद्राच्या कारभारात रहिवाशांच्या समितीला स्थान देण्यात आले. डॉक्टरांना हे सारे सुरळीतच गेले असेल असे समजू नये. रुग्णाने सल्ला ऐकावा आणि घरी जावे, ही वैद्यकातील जुनी वहिवाट. त्याच रुग्णाने सभेत बसून दवाखान्याच्या वेळा ठरवाव्यात, ही गोष्ट पचनी पडण्यास काळ लागतो.

परिणाम काय झाला? केंद्राच्या चालकांनीच आपल्या कामाची तपासणी करून १९६९ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंद्र आल्यावर वसाहतीतील लोकांचे रुग्णालयात खाटेवर जाणारे दिवस फार मोठ्या प्रमाणात कमी झाले होते. वेळीच पाहिलेला आजार खाटेपर्यंत जात नाही, इतका साधा हा हिशोब आहे. दाराजवळचा दवाखाना म्हणजे धर्मादाय खर्च, असे मानणाऱ्या कारभाऱ्यांना तो उपयोगी पडला. आपले स्वतःचेच काम तपासणारा अभ्यास म्हणून कोणी त्याकडे थोडे सावधपणे पाहिले, तर त्यातही गैर काही नाही. पण दिशा स्पष्ट होती.

अन्नाची चिठ्ठी

दक्षिणेतील दुसरे केंद्र १९६७ साली मिसिसिपीच्या बोलिव्हार परगण्यात सुरू झाले. माउंड बायू हे तेथील गाव पूर्वीच्या गुलामांनी १८८७ साली वसविलेले. शहरी वसाहतीच्या लेखात या गावाचा उल्लेख करण्याचे कारण असे, की दोन्ही केंद्रांची माता एकच, आणि तिचा स्वभाव या गावातील एका प्रसंगाने उत्तम समजतो.

कापसाच्या मळ्यांवर यंत्रे आल्यामुळे तेथील मजूर बेकार झाले होते. केंद्रात येणारी मुले खंगलेली असत, आणि पुन्हा पुन्हा येत. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस असे लिहिण्यास प्रारंभ केला. किराणा दुकानदारांनी त्या चिठ्ठीवर माल द्यावा आणि बिल केंद्राच्या औषधखात्यात लावावे, असे ठरले. ही बातमी वरिष्ठ कार्यालयात पोहोचताच विचारणा झाली: औषधांसाठी दिलेला पैसा किराण्यावर खर्च कसा होतो? गायगर यांनी उत्तर दिले, की आमच्या वैद्यकीय ग्रंथांत कुपोषणावर अन्न हेच औषध सांगितलेले आहे. या उत्तरावर कार्यालयाला काही बोलता आले नाही.

पुढे त्या केंद्राच्या आश्रयाने जॉन हॅच या समाजसंघटकाने लोकांना एकत्र करून सहकारी शेती उभी केली. कापसाऐवजी भाजीपाला पिकू लागला. केंद्राने विहिरी खणल्या, शौचकूप बांधले. आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्याने करावयाची कामे तेथे दवाखान्याने केली, असे म्हणावयास हरकत नाही.

भिंतींचे दुखणे

आता या हकीकतीची दुसरी बाजू पाहू. ती न सांगता पुढे जाणे वाचकांशी प्रामाणिक ठरणार नाही.

दवाखाना चालला, पण कोलंबिया पॉइंट वसाहत मात्र खालावत गेली. नगराच्या गृहनिर्माण खात्याने देखभालीकडे दुर्लक्ष केले. नळ फुटले, उद्वाहन बंद पडले, जिन्यांत अंधार झाला. रिकाम्या गाळ्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे निघून गेली, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला गुन्हेगारी व भीती आली. पूर्वीच्या कचराडेपोच्या भूमीवर १९७४ साली विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. १९७९ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या स्मरणार्थ ग्रंथालय त्याच भूशिरावर उघडले. समुद्रकाठच्या त्या भूमीची किंमत आता सर्वांना कळू लागली होती. तिकडे वसाहतीच्या दीड हजार गाळ्यांत शेवटी साडेतीनशेच्या आसपास कुटुंबे उरली.

ज्या वसाहतीच्या पोटात देशातील सर्वांत नावाजलेला वस्ती-दवाखाना होता, तिची ही गती झाली. दम्याच्या मुलाला केंद्र औषध देई, पण मूल परत जाई ते ओल धरलेल्या भिंतींच्या खोलीतच. डॉक्टर हा घरमालक नव्हे. तो भाडेकरूच्या छातीचा आवाज ऐकू शकतो, छताची गळती बंद करण्याचा अधिकार त्याला नसतो. दवाखाना दिला म्हणजे वसाहतीचे आरोग्य सांभाळले, अशी समजूत करून घेणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने ही गोष्ट पाहावी असे वाटते.

सुदैवाने हकीकत तेथे संपली नाही. उरलेल्या रहिवाशांनी आपली समिती जिवंत ठेवली होती. जुनी वसाहत खाजगी विकासकाकडे देऊन नव्याने बांधावयाचे ठरले, तेव्हा ही समिती त्या व्यवहारात बरोबरीची भागीदार झाली. १९९० पर्यंत ‘हार्बर पॉइंट’ नावाने नवी वसाहत पूर्ण झाली. तिच्यातील १,२८३ घरांपैकी ४०० घरे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखली गेली. उरलेली बाजारभावाने भाड्याची. गरिबांची घरे घटली, ही टीका रास्त आहे. परंतु जी कुटुंबे शेवटपर्यंत टिकून राहिली होती, त्यांना हुसकावून लावता आले नाही. दवाखानाही तेथेच राहिला. आज तो गायगर-गिब्सन आरोग्यकेंद्र या नावाने ओळखला जातो. गिब्सन २००२ साली आणि गायगर २०२० च्या डिसेंबरात निवर्तले.

कायद्याने काय दिले

एका वसाहतीतील प्रयोग देशभर पसरला तो कायद्याच्या आधाराने. अमेरिकेत १९७५ सालच्या कायद्याने अशा केंद्रांना कायमचे स्थान दिले आणि एक अट घातली: केंद्राच्या नियामक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद त्या केंद्रात उपचार घेणारेच असले पाहिजेत. शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार कमी-जास्त असावे, आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवू नये, हेही ठरले. पुढे १९९० साली सार्वजनिक गृहवसाहतींत, किंवा त्यांच्या लगत, केंद्रे चालविण्यासाठी स्वतंत्र अनुदान सुरू झाले. त्याची योजना आखताना रहिवाशांचा विचार घेणे बंधनकारक आहे. आज त्या देशात सुमारे १,४०० संस्था अशी केंद्रे चालवितात आणि तीन कोटींहून अधिक लोक त्यांचा लाभ घेतात. त्यांतील शंभराहून अधिक संस्थांना वसाहतींसाठीचे हे खास अनुदान मिळते.

येथे नावाचा एक घोटाळा टाळावा. आपल्या देशात सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे साधारणतः तीस खाटांचे, तालुक्याच्या किंवा गटाच्या पातळीवरचे रुग्णालय होय. महाराष्ट्रात आपण त्यास ग्रामीण रुग्णालय म्हणतो. अमेरिकेतील केंद्र बहुधा बिनखाटांचे असते. त्याचे नाते आपल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राशी अधिक जवळचे आहे.

भिंतींच्या दुखण्याचा विसर मात्र पडला नाही. झुरळांच्या अंगापासून व विष्ठेपासून होणारी धूळ दमेकरी मुलांचा विकार वाढविते, हे १९९७ साली अमेरिकेतील मोठ्या शहरांत झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. बॉस्टनमध्ये २००५ च्या सुमारास एक उपयुक्त व्यवस्था सुरू झाली. मुलाचा दमा घरामुळे बळावत आहे असा संशय आल्यास दवाखान्यातील डॉक्टर थेट नगराच्या गृहनिरीक्षण विभागाकडे सूचना पाठवू शकतात. निरीक्षक घरी जाऊन ओल, बुरशी, उंदीर-झुरळे पाहतो आणि घरमालकास दुरुस्तीचा आदेश देतो. घराविषयीची तक्रार भाडेकरूने केली तर मालक रागावतो. ती डॉक्टरांच्या लेखणीने झाली, की तिला वेगळे वजन येते. माउंड बायूच्या अन्नाच्या चिठ्ठीशी या व्यवस्थेचे नाते आहे. एकीत अन्न लिहून दिले, दुसरीत दुरुस्ती.

आपल्या जिन्यापाशी

ही सारी परदेशची वार्ता वाचून कोणी म्हणेल, आमचा याच्याशी संबंध काय? त्यांच्यासाठी मुंबईतील एक उदाहरण देतो. गोवंडी-मानखुर्द भागात प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी पुनर्वसनाच्या इमारती बांधल्या गेल्या. त्यांतील लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर अवघे काही फूट आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१८ साली पुढे आला. जवळच्याच, अधिक मोकळ्या रचनेच्या वसाहतीशी तुलना करता या दोन वसाहतींत क्षयाचे रुग्ण कितीतरी अधिक आढळले, आणि खालच्या मजल्यांवर विशेष. कारण समजण्यास अवघड नाही. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत येतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात, सूर्यप्रकाशात मरतात. जेथे भर दुपारी दिवा लावावा लागतो त्या खोलीत ते रेंगाळतात. सहा महिन्यांच्या गोळ्या विनामूल्य देऊन क्षयरोग्याला बरे करता येते. परंतु त्याच खोलीत, त्याच हवेत, त्याच्या शेजारी झोपणाऱ्या मुलांचे काय?

दवाखाना घराजवळ आणण्याच्या कामी आपणही स्वस्थ बसलेलो नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले आणि सुमारे पन्नास हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे ठरले. दिल्लीत २०१५ पासून मोहल्ला क्लिनिक, हैदराबादेत २०१८ पासून बस्ती दवाखाने, मुंबईत २०२२ पासून आपला दवाखाना, असे प्रयत्न झाले. त्यांची नावे सरकारागणिक बदलतात. रुग्णाला नावाशी कर्तव्य नसते, संध्याकाळी सातला दार उघडे आहे की नाही हे त्याला हवे असते.

याच अभियानात महिला आरोग्य समितीची तरतूद आहे, आणि तिची माहिती पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनाही नसते. वस्तीतील साधारण ५० ते १०० घरांमागे तेथील स्त्रियांची एक समिती व्हावी, आशा कार्यकर्तीने तिला साहाय्य करावे, आणि समितीला वर्षाला ५,००० रुपये स्वतःच्या निर्णयाने खर्च करता यावेत, अशी ती योजना आहे. रक्कम लहान आहे. तिने इमारतींमधले अंतर वाढणार नाही. पण समितीच्या बैठकीत लसीकरणाच्या यादीबरोबर आणखी एक वही उघडता येईल. कोणत्या जिन्यात दिवा नाही, कोणत्या मजल्यावर सांडपाण्याची नळी गळते, कोणत्या खोलीत वर्षभर ओल आहे, आणि त्या खोल्यांत कोणाला खोकला आहे, हे तिच्यात लिहावे. पहिल्या तीन गोष्टी गृहनिर्माण खात्याच्या आणि चौथी आरोग्य खात्याची. दोन्ही खात्यांची कार्यालये बहुधा वेगवेगळ्या इमारतींत असतात. म्हणून त्या पानाच्या दोन प्रती काढाव्यात, दोन्हीकडे द्याव्यात आणि पोच घेऊन ठेवावी.